तिसरी गिरकी

(दृश्य: मोकळी खोली. छोट्या पॉवर व्हीलचेअरवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीवर, अडीच-तीन वर्षांची मुलगी.)

खुर्ची गोल गोल फिरतेय. ही तिसरी गिरकी. पाहणाऱ्याला वाटेल, हिला जमत नाहीये. पण तिचा हात बघा. जॉयस्टिक सोडला, खुर्ची थांबली. तिने मान वर केली. पुन्हा धरला. फिरली! खुर्ची आपल्यामुळे फिरते, हे तिला आत्ता कळलं.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूचा हालचालींवरचा ताबा बिघडतो. अशा लहान मुलाला पॉवर व्हीलचेअर द्यावी का, हे ठरवताना बरेचदा विचारलं जातं: मूल सरळ जातं का? दारातून नीट निघतं का? 'थांब' म्हटल्यावर थांबतं का? जे मूल आजवर आपणहून हातभरही सरकलेलं नाही, त्याला हे पहिल्याच दिवशी कसं येईल? रांगणारं बाळ भिंतीला धडकतं, तेव्हा त्याला कुणी नापास करत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत डॉ. बटलर यांनी चालता न येणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना अशा खुर्च्या देऊन पाहिल्या. बहुतेक मुलं काही आठवड्यांतच चालवायला शिकली. पुढे स्वीडनच्या थेरपिस्ट लिस्बेथ निल्सन यांनी खुर्ची चालवायला शिकण्याचे ८ टप्पे मांडले. नुसतं बटण दाबून चकित होणं, हासुद्धा त्यातलाच एक टप्पा.

(दृश्य: थेरपिस्ट मुलीची खुर्चीतली बैठक नीट करतेय.)

सुरुवात बैठकीपासून. कंबर स्थिर हवी, पावलं टेकलेली हवीत. तोल सावरण्यातच सगळी ताकद गेली, तर हात काय करणार? मग शोधायचं, कुठली हालचाल हमखास जमते. हात नसेल तर डोकं, हनुवटी, पाऊल. खुर्ची चालवायचा स्विच तिथे बसवता येतो. नजर तपासायची, कारण डोळे चांगले असूनही मेंदूला दिसलेलं उलगडत नाही, असं या मुलांत पुष्कळदा आढळतं.

आणि वाट पाहायची. 'ये' म्हटल्यापासून हात हलेपर्यंत कितीतरी सेकंद जातात. तेवढ्यात आपण पुन्हा 'ये, ये' म्हणालो, की जुळत आलेली हालचाल मोडते. झोप अपुरी असेल, नुकतीच फिट येऊन गेली असेल, तर त्या दिवशीच्या चाचणीवरून काहीच ठरवू नये.

पालकांना धास्ती असते, खुर्चीची सवय लागली तर मूल चालायचा प्रयत्नच सोडेल. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

(दृश्य: मुलगी दाराकडे.)

चाक चौकटीला घासलं. आई पुढे सरसावली. "थांबा, ताई. तिला बघू दे," थेरपिस्ट म्हणाली. खुर्ची मागे आली, थोडी वळली. आई श्वास रोखून उभी.