पिन बघशील का?

[दृश्य: सकाळ. हँगरचं शटर वर जातं. धावपट्टीवर ट्विन ऑटर विमान.]

अमेरिकेतलं अॅरिझोना राज्य. फिनिक्स आणि टुसॉन या दोन शहरांच्या मध्ये एलॉय नावाचं लहानसं गाव आहे. आजूबाजूला कापसाची शेतं, पलीकडे पिकाचो शिखराचा सुळका. पाऊस अगदी थोडा आणि आभाळ वर्षातले बहुतेक दिवस मोकळं, त्यामुळे देशोदेशीचे स्कायडायव्हर हिवाळ्यात इथे मुक्काम ठोकतात.

आपल्याकडे स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन डोळ्यांसमोर येतात. 2004 मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा बातम्यांच्या फोटोत उडी मारणारा एकटाच दिसतो. विमानात चढण्याआधी आणि दारातून बाहेर पडण्याआधी त्याच्या पट्ट्यांवरून, पाठीवरचे पॅराशूटचे कप्पे बंद ठेवणाऱ्या पिनांवरून कोणाची नजर फिरली, ते फोटोत येत नाही. आम्ही कॅमेरा तिथेच लावला.

[दृश्य: पॅकिंगची जागा. सतरंजीवर पसरलेली पॅराशूट.]

पाठीवरच्या या पिशवीला सगळे 'रिग' म्हणतात. शाळेच्या दप्तराएवढ्या या पिशवीत दोन पॅराशूट असतात: खालच्या कप्प्यात नेहमी उघडायचं मेन, वरच्या कप्प्यात मेन बिघडलं तर वापरायचं रिझर्व्ह. मेनची घडी ज्याची त्याने घालायची, किंवा पैसे देऊन पॅकरकडून घालून घ्यायची. रिझर्व्हला मात्र परवाना असलेल्या रिगरशिवाय, म्हणजे पॅराशूटच्या तंत्रज्ञाशिवाय, कोणी हात लावत नाही. दर 180 दिवसांनी रिगर ते उघडतो, कापड आणि दोऱ्या तपासतो, नव्याने घडी घालतो आणि पिनवर लाल दोरा घेऊन त्याला शिशाचं सील लावतो. त्या सीलवर रिगरची खूण असते. दोरा तुटलेला दिसला, तर ते रिग त्या दिवशी विमानात जात नाही.

[दृश्य: अगदी जवळून, खांद्यावरच्या तीन कड्या.]

आता या कड्या पाहा. मोठी, तिच्यातून ओवलेली मधली, तिच्यातून धाकटी. 1970 च्या दशकात बिल बूथ यांनी ही रचना आणली. मेन नीट उघडलं नाही, तर ते आधी टाकून द्यावं लागतं आणि मग रिझर्व्ह उघडायचं. पूर्वी त्यासाठी दोन्ही खांद्यांवरची धातूची कुलपं उघडावी लागत, तीही गरगर फिरत खाली येताना. या कड्यांमध्ये अंगाचा सगळा भार मोठीवर पडतो आणि पुढच्या प्रत्येक कडीवर तो कमी होत जातो. शेवटच्या कडीला दोऱ्याचा एक फास आहे, त्या फासातून पिवळी केबल गेली आहे. तिच्यावर इतका थोडा ताण उरतो की हँडल ओढलं की केबल निघते आणि बिघडलेलं मेन सुटून जातं. आता कड्या ओवताना चूक झाली असेल, तर ती कोणाला दिसणार? रिग अंगात घालून उभा असलेला माणूस स्वतःच्या खांद्याकडे नीट पाहू शकत नाही. पाठीवरच्या पिना तर त्याला दिसणारच नाहीत.

म्हणून दुसरा माणूस लागतो.

[दृश्य: विमानाची वाट पाहणारी रांग. निळ्या हेल्मेटवाली तरुणी एका ज्येष्ठ जंपरसमोर उभी.]

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. खांद्यांवरच्या कड्या. मग तीन पट्टे: एक छातीचा, दोन मांड्यांचे. मग तीन हँडल: मेनचं, कटअवेचं म्हणजे मेन टाकून देण्याचं, रिझर्व्हचं. निळ्या हेल्मेटवाली ही मुलगी या खेळात नवी आहे. समोरच्या गृहस्थांनी तिच्या कितीतरी पट उड्या मारल्या आहेत. ती त्यांच्या छातीच्या पट्ट्यापाशी थांबते. पट्ट्याचं टोक धरून मागे ओढते, बकलातून तो कसा गेलाय हे बोटाने चाचपते. पट्टा चुकीचा ओवला तर जमिनीवर घट्टच वाटतो. पॅराशूट उघडतानाचा झटका बसला की सरकतो आणि माणूस हार्नेसमधून निसटू शकतो. ती वेळ घेते. ते दोन्ही हात बाजूला करून शांत उभे आहेत. मग तिने खूण केल्यावर पाठ वळवतात, ती पिनेवरचं झाकण, म्हणजे फ्लॅप, उचलून पिन बघते.

आम्ही इथे जे काही चित्रित केलं, त्यात आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. पहिल्या परवान्यासाठी, म्हणजे ए लायसन्ससाठी, किमान 25 उड्या लागतात, आणि त्या शिक्षणातच स्वतःच्या रिगबरोबर दुसऱ्याचं रिग तपासायलाही शिकवतात. पण शिकणं वेगळं आणि आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला "थांबा, परत बघू द्या" म्हणणं वेगळं. ते म्हणायची सवय जिथे आहे, तिथेच तपासणीला अर्थ आहे. आणि ती सवय नवख्यांना लावणं हे जुन्यांच्या हातात असतं. हे गृहस्थ रोज न सांगता समोर येऊन उभे राहतात, त्यामुळे बाकीच्यांना विचारायला संकोच वाटत नाही.

[दृश्य: विमानात. दाटीवाटीने बसलेले जंपर, कमरेला सीटबेल्ट.]

विमान वर चढतंय. सीटबेल्ट साधारण 1,500 फुटांपर्यंत लावलेले राहतात. 1992 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावी उड्डाण घेताच असंच एक विमान कोसळलं. 16 जण गेले. बेल्टची शिस्त त्यानंतर घट्ट झाली.

दाराजवळ बसलेल्यांचे हात पाहा, प्रत्येकाचा हात स्वतःच्या हँडलवर आहे. विमानात चुकून पॅराशूट उघडलं आणि दारातून बाहेर ओढलं गेलं, तर ते माणसालाही नेतं आणि विमानाच्या शेपटीलाही धोका करतं. म्हणून शेजारचा हलला, वळला, की दुसरा त्याच्या पाठीकडे बघतो. बारा हजार फूट. आता इंजिनाच्या आवाजात एकच वाक्य इकडून तिकडे फिरतंय: "पिन बघशील का?" फ्लॅप उघडतो, नजर फिरते, फ्लॅप बंद होतो, पाठीवर थाप पडते.

[दृश्य: दार उघडतं. बाहेर उडी. काही वेळ फक्त वाऱ्याचा आवाज.]

[दृश्य: चौघांची फॉर्मेशन, वरून.]

ताशी सुमारे 200 किलोमीटर. हातात जवळपास एक मिनिट. या वेगात एकमेकांना धरायला यायचं म्हणजे एकमेकांवर आदळण्याची शक्यताही जवळ येते.

एलॉयपासून फार लांब नाही, कूलिज नावाचं गाव आहे. 1987 च्या एप्रिलमध्ये तिथे टेक्सासमधली एक शिक्षिका उडी मारताना दुसऱ्या जंपरवर आदळली आणि आकाशातच बेशुद्ध झाली. जमीन 9,000 फूट खाली होती. ग्रेगरी रॉबर्टसन हे प्रशिक्षक तिच्या वर होते. बेशुद्ध माणूस कोलांट्या खात पडतो, त्याला गाठायचं तर त्याच्याहून वेगाने पडावं लागतं. रॉबर्टसन यांनी हात अंगाला चिकटवले, पाय जुळवले, डोकं खाली घातलं आणि स्वतःला खाली सोडून दिलं. 3,500 फुटांच्या आसपास ते तिच्यापाशी पोचले. पण गाठून भागत नाही. ती दोऱ्यांत गुरफटू नये म्हणून तिला आधी सरळ करावं लागलं. मग त्यांनी तिचं हँडल ओढलं, तिच्यापासून दूर झाले आणि तेव्हा कुठे स्वतःचं ओढलं. तिला गंभीर इजा झाल्या, पण ती जगली.

[दृश्य: चौघे एकमेकांपासून फुटून चार दिशांना.]

याला ब्रेक-ऑफ म्हणतात. ठरलेल्या उंचीवर, बहुधा 4,500 ते 5,000 फुटांच्या दरम्यान, सगळे पाठ फिरवून चार दिशांना जातात. अंतर पडलं की दोन्ही हात डोक्यावर हलवायचे. वर कोणी असेल तर त्याने बाजूला व्हावं, म्हणून ही खूण. मग पॅराशूट.

माणूस काहीच करू शकला नाही, तर रिगमधलं एक यंत्र करतं. 1991 मध्ये जर्मनीत तयार झालेल्या सायप्रेससारखी यंत्रं साधारण 225 मीटरवर, वेग अजून जास्त असेल तर, रिझर्व्ह आपोआप उघडतात. त्यांनी खूप जीव वाचवले आहेत. दार उघडण्याआधीची तपासणी ती करत नाहीत.

[दृश्य: रंगीत पॅराशूट, खाली उतरताना. जमिनीवर दोघे वर बघत मोजताहेत.]

उघडल्या उघडल्या प्रत्येक जण मान फिरवून बाकीचे मोजतो. कोणी मेन टाकून दिलं असेल, तर एक जण त्या माणसावर डोळा ठेवतो आणि दुसरा टाकलेलं पॅराशूट कुठल्या शेतात पडतंय ते बघत राहतो. उतरताना जो खाली आहे त्याला आधी वाट. अलीकडच्या काळात बरेच बळी चांगल्या उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ घेतलेल्या चुकीच्या वळणात जातात. अमेरिकेत 1970 च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त स्कायडायव्हर मरत. 2023 मध्ये साडेछत्तीस लाख उड्यांमागे 10 गेले.

[दृश्य: टँडेमचे प्रवासी, इन्स्ट्रक्टर हार्नेस चढवताना.]

तुमच्यापैकी कोणी टँडेम उडीला जाणार असेल, तर इन्स्ट्रक्टर तुम्हाला स्वतःच्या छातीला चार ठिकाणी जोडतो: दोन खांद्यांपाशी, दोन कमरेपाशी. विमानात जोडल्यावर "चारही दाखवा" म्हणा. प्रत्येक हूक बंद झालाय का, हे तो हात लावून दाखवेल. घाईत असेल तरी म्हणा, आणि चारही पाहिल्याशिवाय दाराकडे सरकू नका.