तंबाखू नाही हो, नुसती मिश्री

पत्रिकेत विषय छापलाय, ‘अक्कलदाढ ते धूम्रपान: तोंडाच्या आरोग्याचे धोके’. तो संयोजकांनी ठरवला. माझा विषय एकच आहे, आमच्या केसपेपरवरचा एक प्रश्न. पण दाढेपासूनच सुरुवात करतो, म्हणजे मानधन बुडणार नाही. (हशा)

दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. पंचेचाळिशीच्या एक ताई आल्या. खालची अक्कलदाढ किडलेली, निम्मी हिरडीखाली. केसपेपरवर मी मोठ्या हौसेनं छापून घेतलं होतं: ‘धूम्रपान / तंबाखू?’ विचारलं. ताई म्हणाल्या, “इश्श, काहीतरीच काय!” मी ‘नाही’वर खूण केली आणि दाढ काढली. छान निघाली. दाढ छान निघाली की डॉक्टरला घरी दोन पोळ्या जास्त जातात.

चौथ्या दिवशी ताई गाल धरून दारात. ठणका थेट कानापर्यंत. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरायला हवी, ती जखमेची खपली. इथं गुठळीच नाही. खाली उघडं हाड, आणि वास असा की मास्कमधूनही येतोय. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दाढ दुखत होती त्याहून हा खड्डा जास्त दुखतो. मी चौकशी सुरू केली. जोरात चुळा भरल्या? नाही. स्ट्रॉनं काही प्यायलात? “आमच्यात कुठली स्ट्रॉ?” शेवटी सहज विचारलं, दात कशानं घासता?

“मिश्रीनं.”

“अहो, मग तंबाखू नाही म्हणालात ते?”

“तंबाखू आमचे हे खातात. मी नुसती मिश्री लावते.”

आणि कनवटीची डबी काढून माझ्यापुढे धरली. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, वस्त्रगाळ पूड. बोट बुडवून बुडवून मधोमध खळगा पडलेला. किती वेळा लावता? सकाळी, जेवणं झाल्यावर, दुपारी चहाआधी, आणि डोकं धरलं तर. दिवसातून चार वेळा दात घासणारा पेशंट मला त्याआधी भेटला नव्हता! (हशा)

खड्डा धुऊन लवंगतेलाची पट्टी भरली, तासाभरात ताईंना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. प्रश्न माझा चुकला होता. आम्ही शिकलो ‘स्मोकिंग हिस्ट्री’, आणि आपल्याकडे माणसं ओढतात कमी, तोंडात धरतात जास्त. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात बिनधुराची तंबाखू वापरणारे साधारण २४ टक्के प्रौढ होते, ओढणारे ४ टक्क्यांच्याही आत. आता माझ्या केसपेपरवर शब्द आहेत: मिश्री, मळून, बार, मावा, गुटखा, नुसती सुपारी, विडी. पहिल्या रांगेतले दोन काका मघापासून तोंड मिटूनच हसतायत, त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवलीय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग पळतो.

अक्कलदाढ काढल्यानं अक्कल जात नाही, दृष्टीही जात नाही. पण प्रत्येक अक्कलदाढ काढायचीही नसते. वारंवार सुजणारी, शेजारच्या दाढेला किडवणारी काढावी. खालच्या दाढेजवळून ओठाची नस जाते, म्हणून आधी एक्स-रे. सिगारेटवाल्यांनो, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. जखम भरत नाही ते आहेच, पण हिरडीतून रक्तही कमी येतं, म्हणून आपल्या हिरड्या ठणठणीत असं वाटतं आणि दात हलायला लागल्यावर कळतं.

सुपारी निरुपद्रवी म्हणणाऱ्यांसाठी: तोंड उघडेनासं होणाऱ्या रोगाला मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ साली सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक ठरवली. गुटखाबंदी आपल्याकडे २०१२ ची. मग मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडे आलं.

पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट न सोसणं, यातलं काहीही असेल तर दाखवा. आणि आत्ता, इथंच, सगळ्यांनी आपली तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांत उभी घालून बघा. जातायत? ज्यांच्या तोंडात आधीच काही आहे त्यांनी बाहेर जाऊन थुंकून या, आम्ही थांबतो. अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा.