तलंग अंड्यावर आली, हे कसं ओळखाल?

श्रोतेहो, नमस्कार. घरात चार कोंबड्या पाळणाऱ्याच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : "तलंगांना सहा महिने झाले, अंडं कधी?" तलंग म्हणजे पहिल्या अंड्याच्या वयात आलेली तरुण कोंबडी. फार्मवरची खास अंड्यांची जात १८ ते २० आठवड्यांत सुरू होते. गावठी तलंग सहा-सात महिनेसुद्धा घेते. त्यात डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, आणि उजेड कमी झाला की तलंग आणखी रेंगाळते. म्हणून सांगतो, महिने मोजू नका, बोटं मोजा. कुठली बोटं, ते या गोष्टीत येईल.

गोव्यातलं, डिचोलीकडचं एक घर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चार तलंगा आणलेल्या. सात महिने उलटले तरी अंड्याचा पत्ता नाही. आजी म्हणाली, "ह्या वांझ आहेत, येत्या आयतवारी ह्यांची शागुती करा." नारळ किसायचीही तयारी झाली. तेवढ्यात शेजारची काकी आली. तिने आधी नुसतं पाहिलं. फिकट गुलाबी असलेले तुरे लालभडक झाले होते, चोचीखालची लोंबती कातडीही तशीच भरलेली. तिने पाठीवरून हात फिरवायला नेला, तर तलंग पंख किंचित पसरून जमिनीला चिकटून बसली. अशी बसायला लागली की अंडं आठवड्या-दोन आठवड्यांवर आलं म्हणायचं.

मग काकी रात्री पुन्हा आली, कारण अंधारात कोंबडी शांत असते. तिने एकेक तलंग काखेत धरली, डोकं मागे, शेपूट पुढे. अंड्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यामध्ये बोटं आडवी ठेवून पाहिली. एकच बोट मावलं, तर अजून अवकाश आहे. दोन मावली, तर दिवस जवळ आले. तीन मावली, तर ती घालतेच आहे. दोघींना तीन-तीन बोटं लागली! शिवाय वाट ओलसर, रुंद, फिकट झालेली. न घालणारीची कोरडी आणि आवळलेली असते.

घालतात, तर अंडी कुठे? मांगरामागे नारळाच्या सोडणांच्या राशीत ११ अंडी निघाली. ती पाण्यात सोडली. आडवी पडली ती ताजी, उभी राहिली ती जुनी, तरंगली ती टाकून दिली.

चूक तलंगांची नव्हती. खुराड्यात घालायला जागाच नव्हती. तलंगेला आडोसा आणि काळोख लागतो. एक फूट लांब-रुंद खोका, त्यात चार बोटं पेंढा, चार-पाच कोंबड्यांमागे असा एक, आणि तोही पहिल्या अंड्याच्या दोन-तीन आठवडे आधी. आत लाकडाचं खोटं अंडं ठेवा. अंडी बहुधा सकाळीच पडतात, म्हणून आठ-दहा दिवस ११ वाजेपर्यंत सोडू नका. त्या घरी एवढंच केलं. चारही तलंगा वाचल्या, आणि वाचायलाच हव्या होत्या. घालती कोंबडी चुलीवर चढवणं मला मुळीच पटत नाही.

आता खाण्याचं थोडक्यात. तुरा लाल झाला, बोटं दोन झाली, की वाढीचं खाद्य थांबवून अंड्यांचं खाद्य सुरू करा. त्याच्या फार आधी नको, कारण त्यात कॅल्शियम जास्त असतं, ३.५ ते ४ टक्के, आणि कोवळ्या तलंगेच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. वेगळ्या करवंटीत तिसऱ्या खाऊन उरलेली शिंपलं ठेवा : धुऊन, उन्हात वाळवून, तांदळाच्या कणीएवढी कुटलेली. एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि आपण ही शिंपलं गटारात ओततो, याचं फार वाईट वाटतं. खारवलेल्या मासळीचे तुकडे मात्र देऊ नका, मीठ बाधतं.

पहिली अंडी लहान, कधी मऊ कवचाची, कधी रक्ताची रेघ असलेली येतात. घाबरू नका, काही आठवड्यांत सुधारतात. पण तलंग पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून कुंथत राहिली, तर अंडं अडकलं असेल. तिला पोटापर्यंत कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, आणि तरीही अंडं आलं नाही तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.