उघड्या गाडीचा पीळ कसा काढायचा

(दोन महिन्यांपूर्वीचा शॉट. गाडी सपाट जागेवर उभी.)

हे बघा, दार लावतो. लागलं.

आता पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर चढवलंय. तेच दार, तोच हात. (खट्ट.) नाही लागलं. बिजागऱ्या नव्या आहेत, लॉक नवीन आहे. दाराला काही झालेलं नाही, गाडी पिळलीय आणि दाराची चौकट तिरपी झालीय. आणि या गाडीत दाराची चौकट म्हणजे अर्धी गाडीच.

(आजचा शॉट. वर्कशॉपमध्ये, कॅमेऱ्यासमोर.)

नमस्कार मंडळी. आपण ठाण्यात आहोत, वागळे इस्टेटमध्ये, आमच्या वेल्डरकाकांच्या शेडमध्ये. मागे ग्राइंडरचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. गाडी जुनी टू-सीटर आहे, छप्पर कापडाचं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा दोष कुठल्या एका कंपनीचा नाही. छप्पर काढलं की प्रत्येकाला हे भोगावंच लागतं.

का ते दाखवतो. (पेढ्यांचा रिकामा खोका हातात.) झाकण लावून पिळायला जा. हटत नाही. आता झाकण काढलं. (पिळतो.) बघा, कसा लुळा पडला. पुठ्ठा तोच आहे, फक्त पेटीचा ट्रे झाला. बंद गाडीत छप्पर, मागचे खांब आणि काच मिळून हे झाकण असतं.

याचं गणित ऐकलं तर पटणार नाही, पण खरं आहे. ५० मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप घ्या आणि त्याला लांबीभर एक चीर द्या. फक्त चीर, लोखंड काढायचं नाही. पिळाच्या बाबतीत तो पाइप चारशे पटींहून जास्त नरम होतो. म्हणून ‘जाड पत्रा मारला की झालं’ हे डोक्यातून काढून टाका. पेटी बंद आहे की उघडी, हा पहिला प्रश्न. पत्रा किती जाड, हा फार नंतरचा.

ज्यांनी उघडी गाडी पहिल्यापासून उघडी म्हणूनच बनवली, त्यांनी झाकण गेल्याचं दुःख न करता दुसरीकडे बंद पेटी शोधली. १९६२ ची लोटस एलान घ्या. बॉडी फायबरग्लासची, पण दोन सीटांच्या मधून पत्र्याची बंद पेटी, पाठीच्या कण्यासारखी. १९९६ ची एलिस त्याच घराण्यातली. तिच्यात ॲल्युमिनियमचे पोकळ सेक्शन इपॉक्सीने चक्क चिकटवलेत आणि आख्खी चेसिस सत्तरेक किलोत बसवलीय. त्या गाडीत बसताना माणूस अंगाची घडी करून आत पडतो, कारण दाराखालचा भाग मांडीएवढा उंच आणि रुंद आहे. लोक हसतात त्याला. पण गाडीचा सगळा जोर त्याच भागात आहे. भरीव तुळईची उंची दुप्पट केली की ती वाकायला आठपट अवघड होते.

जिप्सीवाले आणि थारवाले आता कमेंटमध्ये येतील की आमचीही उघडीच आहे. तुमच्या गाडीखाली वेगळी शिडीसारखी चेसिस आहे, भार ती उचलते, बॉडी तिच्यावर रबरावर बसलेली असते. पिळते तीही. पण तुम्ही दगडांवरून चाललेले असता, तुम्हाला ते कळायचं कारण नाही.

आता आपले रस्ते. ऐरोलीच्या खाडीपुलावर जोड येतो तेव्हा दोन्ही पुढची चाकं एकदम आपटतात. त्याने गाडी मधोमध वाकते, पिळत नाही. घोडबंदर रोडला खड्डा बुजवायला पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, ते एकाच चाकाखाली येतात. तिथे गाडी पिळते. डॅशबोर्ड एकीकडे, काचेची फ्रेम दुसरीकडे, आणि मधला आरसा असा थरथरतो की मागचा ट्रक आहे की बस तेही कळू नये. म्हणून अशी गाडी विकत घेताना पाम बीच रोडवर टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. तिथे सगळ्याच गाड्या साध्वी असतात. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून न्या.

ही थरथर नुसती पिळाने होत नाही. खड्ड्यानंतर चाक सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा थडथडतं. उघड्या बॉडीची स्वतःची लय त्याच्या आसपासच असते, मग दोघांची जुगलबंदी सुरू होते. बॉडी कडक केली की तिची लय वर सरकते, पण कंजूषपणे. कडकपणा २० टक्क्यांनी वाढवला तरी लय १० टक्केही वाढत नाही. म्हणून काही कन्व्हर्टिबल गाड्यांत कंपनीच रबरावर लोखंडाचा एक ठोकळा टांगून ठेवते. गाडी थरथरली की तो उलटा हलतो आणि तिला गप्प करतो. कचरा समजून काढू नका.

कडक शॉकअप टाकायचा विचार असेल तर थांबा. स्प्रिंग आणि बॉडी या एकामागे एक अडकवलेल्या दोन स्प्रिंगांसारख्या आहेत. खालची कडक केलीत की धक्का वरची, म्हणजे बॉडी खाते. आधीच्या मालकाने नेमकं तेच केलं होतं, वर बॉनेटखाली दोन शॉकअपच्या माथ्यांना जोडणारा चकचकीत आडवा पाइप, म्हणजे स्ट्रट बारही बसवून घेतला होता.

त्या बारचं काय ते मोजून बघू. मोजायला मशीन लागत नाही. (गाडीकडे जातो.) मागची बाजू दोन घोड्यांवर पक्की बसवली, घोड्या बॉडीला टेकलेल्या, सस्पेन्शनला नाही. पुढे बरोबर मधोमध एकच टेकू. पुढच्या शॉकअपच्या माथ्यांवर आडवा पाइप बोल्टने आवळला, दोन्हीकडे मध्यापासून एकेक मीटर बाहेर. एका टोकाला सिमेंटची गोणी. गोणी ५० किलोची, मीटरभर अंतरावर, म्हणजे जवळपास ४९० न्यूटन मीटरचा पीळ. आणि गाडी अशी ठेवलेली असताना तिच्याखाली कोणीही जायचं नाही. चहावाल्या पोऱ्यालाही नाही.

टोक किती हललं ते काट्यावर दाखवणारा डायल गेज कुठे लावायचा? मी पहिल्यांदा गोणीच्या बाजूला लावला आणि भलताच आकडा आला. काका म्हणाले, “अरे, तो पाइपच वाकतोय की!” रिकाम्या टोकाला लावायचा. ते टोक वाकत नाही, फक्त वर येतं. मागेही असाच एक पाइप आणि एक गेज, कारण घोड्याही थोड्या दबतात, तेवढं वजा करायचं. मोबाइलचं लेव्हल ॲप इथे कामाचं नाही. जो कोन शोधतोय तोच एका अंशाचा दहावा हिस्सा आहे. मीटरभर लांब टोकाला मात्र तो पावणेदोन मिलिमीटर दिसतो आणि डायल गेजचा काटा तो सहज वाचतो.

आमचा पहिला आकडा २.९ मिलिमीटर. म्हणजे एक अंश पिळायला साधारण २९५० न्यूटन मीटर. स्ट्रट बार काढला, परत मोजलं. २.९. परत लावला. २.९. तो बार दोन शॉकअपचे माथे एकमेकांपासून फाकू देत नाही, तेवढंच त्याचं काम. काही गाड्यांत वळणावर त्याचा उपयोग होतोही. पण पुढची बाजू आणि मागची बाजू एकमेकांविरुद्ध पिळतायत, तिथे बिचारा काय करणार? दागिना आहे तो.

मग मी उत्साहाने काकांना म्हटलं, खालून ब्रेस, म्हणजे आधाराचे पाइप, मारू या. त्यांनी उत्तरच दिलं नाही. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या रनिंग बोर्डला टोचला. मूठ टेकेपर्यंत आत गेला.

आत पिवळा फोम भरलेला होता. कोणीतरी सांगितलेलं असणार की पोकळीत फोम भरला की गाडी कडक होते. खास त्यासाठीचा दाट फोम असतो, कारखान्यात तो ठरावीक जागी ठरावीक मापाने भरतात. हा खिडकीच्या चौकटीत मारतात तो होता. खालची पाणी निघायची भोकं त्यानेच बुजवलेली. काकांनी तिथे ड्रिल मारला तर तांबडं पाणी आलं, दुधाच्या पिशवीला टाचणी लावावी तशी धार. आपल्याकडचा पाऊस, त्यात खाडीचा वारा. पत्रा आतून बिस्किटासारखा झाला होता. उघड्या गाडीत सगळ्यात मोठी बंद पेटी हीच, आणि तिला गंजाने चीर पाडली होती. पाइपची चीर आठवा.

तिथे वेल्डिंग करायच्या आधी फोम कण न कण खरवडून काढावा लागतो. तो जळला की विषारी धूर होतो. त्यात दोन दिवस गेले. मग सडका पत्रा कापला, आतला-बाहेरचा नवीन बसवला, आणि काकांनी सीओटू वेल्डिंगने टाके घातले. एक इकडे, एक पलीकडे, सलग नाही. सलग मारलं की पत्रा तापून ताणतो आणि दार जन्मात बसत नाही. वेल्डिंगआधी दारांच्या मापाने आडवी पट्टी तात्पुरती जोडून घेतली, नाहीतर कापल्यावर गाडी मधून बसली असती. बॅटरीची वायर काढली. नवीन गाड्यांच्या खांबांत जास्त ताकदीचं स्टील असतं, त्याला आच लागली की ताकद जाते. तिथे असा हात घालू नका.

परत गोणी टांगली. २.३ मिलिमीटर. एकही ब्रेस न लावता. कडकपणा २६ टक्के वाढला म्हणू नका, गेलेला तेवढा परत आला.

मग ब्रेस. लोखंडी गेट लोंबायला लागलं की फॅब्रिकेटर काय करतो? चौकट जाड करत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी पट्टी मारतो. चौकोन सहज तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. गाडीच्या पोटाखाली मधे मोठा उघडा चौकोन आहे, त्याला आम्ही फुलीसारखी कैची मारली. पाइप सरळच हवा. सायलेन्सर आड येतो म्हणून कोणी पाइपला बाक दिला, तर तो बाक आधी उघडतो आणि पाइप नुसतं वजन म्हणून लटकतो. बोल्ट नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यात नको, आतून पट्टी देऊन सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ. भोक बोल्टच्या मापाचंच पाडा, अर्धा मिलिमीटर ढिलं असेल तर तिथेच सगळा पीळ मुरतो. आणि शेवटचं आवळताना गाडी चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर आवळलीत तर वाकडेपणाच पक्का होतो.

२.० मिलिमीटर. म्हणजे एका अंशाला साधारण ४२८० न्यूटन मीटर.

रोल बार, म्हणजे सीटांमागची लोखंडी कमान, बरेच जण विचारतात. चार ठिकाणी नीट बांधला, मागचे टेकू दिले, तर मागच्या बाजूला फायदा आहे. पण रस्त्यावर आपण हेल्मेट घालून गाडी चालवत नाही. डोक्याजवळ उघडा पाइप म्हणजे लहानशा धडकेतही कपाळमोक्ष.

कायद्याचं एका श्वासात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल चालत नाही. गंज काढून मूळ मापाचा पत्रा बसवणं ही दुरुस्ती. बाकी काही जोडायचं तर आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. आणि चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंगची ठिणगीसुद्धा नको.

(गाडी परत फुटपाथच्या कडेवर. दार लावतो.)

लागलं. थोडं घासलं, ऐकलंत ना? वरच्या कोपऱ्यात रंग अजून लागतोय. विटाव्याच्या पुलाखाली आरसाही थरथरतो, पण आता मागचा ट्रक ट्रक दिसतो.

सिमेंटची गोणी आता देऊन टाकायला हवी. काका मगाशीच विचारून गेले, त्यांच्या घरी बाथरूमचं काम काढलंय.