मामा म्हणजे नक्की कोण?

जॉर्जिया या देशाच्या राजधानीत, जुन्या तिबिलिसीत फिरताना मान वर केली की सोलोलाकीच्या टेकडीवर एका स्त्रीचा वीस मीटर उंच पुतळा दिसतो. शहराच्या पंधराशेव्या वर्धापनासाठी १९५८ मध्ये त्याची उभारणी झाली. तिच्या डाव्या हातात पाहुण्यांसाठी मद्याचे पात्र आहे आणि उजव्या हातात शत्रूसाठी तलवार. तिचे नाव ‘कार्तलिस देदा’, म्हणजे जॉर्जियाची आई. जॉर्जियन भाषेत आई म्हणजे ‘देदा’, मातृभाषा म्हणजे ‘देदा एना’ आणि राजधानी म्हणजे ‘देदाकालाकी’, आई-नगर. वडिलांना मात्र तिथे ‘मामा’ म्हणतात.

चर्चमधल्या धर्मगुरूला ‘मामाओ’ अशी हाक मारली जाते आणि कोंबड्याला ‘मामाली’ म्हणतात. वडिलोपार्जित जमीन म्हणजे ‘मामुली’. आपल्या ‘मामुली’शी तिचे काही नाते नाही आणि तिच्या मालकाला ती मामुली वाटतही नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीत राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा खरा गोंधळ उडतो तो वडीलच लेकराला लाडाने ‘मामा’ म्हणू लागतात तेव्हा. पण ‘जेव रे बाबा’ असे आपणही चार वर्षांच्या मुलाला म्हणतोच की.

मराठी आणि जॉर्जियन या दोन भाषांचे कूळ एक नाही, त्यामुळे दोघींना हा शब्द एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला असे म्हणता येत नाही. चिनी आणि स्वाहिली भाषांची कुळे आणखी वेगळी, आणि त्या दोन्हींत ‘मामा’ म्हणजे आई. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या पित्जान्त्जात्जारा भाषेत मात्र ‘मामा’ म्हणजे पुन्हा वडीलच.

मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरातून आई-वडिलांसाठीचे १,०७२ शब्द गोळा केले होते. ‘म’, ‘न’ अशी अनुनासिक व्यंजने आईवाचक शब्दांपैकी ५५ टक्क्यांत आढळली, तर वडीलवाचक शब्दांपैकी अवघ्या १५ टक्क्यांत. त्याचे कारण भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. दूध पिताना बाळाचे तोंड भरलेले असते, त्यामुळे आवाज निघतो तो नाकातूनच; पुढे नुसते अन्न दिसले किंवा भूक लागली तरी तेच गुणगुणणे सुरू होते, आणि ओठ सुटताच त्याचा ‘मा’ होतो. मराठी घरात बाळाला भरवताना आजही ‘मंमं’ म्हणतात, आणि तो शब्द आईचा नसून भाताचा असतो.

म्हणजे आवाज बाळाचा, पण तो कुणाच्या नावे लावायचा हे घरातली मोठी माणसे ठरवतात. बहुतेक ठिकाणी तो आईच्या वाट्याला आला, जॉर्जियात वडिलांच्या, आणि आपल्याकडे आईच्या भावाच्या. इथे तो नुसत्या नात्यापुरता राहिलाही नाही. लग्नात मुलीच्या मागे उभा राहणारा तो मामा, चौकात शिट्टी वाजवणारा वाहतूक पोलीसही मामाच, आणि फसवल्या गेलेल्या माणसाचाही ‘मामा’ होतो. जुन्या घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणते, त्यामागे मामाच्या घरी मुलगी देण्याची चाल उभी आहे. जिथे मामाच सासरा होत असे, तिथे वेगळा शब्द हवाच कशाला?

आता जपानमधला एक कूटप्रश्न पाहू. पुढे सम्राट झालेल्या गो-नारा यांच्या नावावरच्या १५१६ सालच्या संग्रहात तो आहे: आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही, ते कोण? उत्तर आहे, ओठ. आजच्या जपानी माणसाला ते पटकन पटत नाही, कारण आईला तो ‘हाहा’ म्हणतो, वडिलांना ‘चिची’, आणि दोन्ही शब्दांत ओठ लांबच राहतात. पण त्या काळी ‘हाहा’चा उच्चार ‘फाफा’च्या जवळचा होता, आणि त्याआधी बहुधा ‘पापा’. जो शब्द आज कितीतरी भाषांत वडिलांचा आहे, तो तिथे आईचा होता.

हाच प्रश्न मराठीत घालायचा तर उलटा घालावा लागतो. मोठ्याने म्हणून पाहा: बाबांना ओठ दोनदा भेटतात, मामालाही दोनदा, आणि आईला एकदाही नाही.