मायक्रोवेव्ह गेला, आता काय घ्यायचं?

नमस्कार मंडळी! दिवाळीच्या तोंडावर आमचा मायक्रोवेव्ह बंद पडला आणि घरात एकच चर्चा, परत तोच घ्यायचा की दुसरं काही, बऱ्याच घरांत हा प्रश्न येतो म्हणून आज यावरच बोलते.

आधी आठवून बघा, आपण त्यात करतो काय? वरण, भात, दूध गरम. त्याला तोड नाही, खरंच. पण कालची कोथिंबीर वडी ठेवली की गरम होते आणि मऊ पडते, कारण मायक्रोवेव्हच्या लहरी मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतात, त्याची वाफ होऊन बाहेर येते आणि वरचा थर ओला करते. खमंगपणा यायला तोच थर आधी सुकून शंभर डिग्रीच्या बराच वर जावा लागतो.

म्हणून मी एअर फ्रायर घेतला. नाव फ्रायर, पण तो छोटा ओव्हनच आहे, वर कॉइल आणि पंखा. फिलिप्सनं 2010 मध्ये आणला आणि मग सगळ्यांनीच काढले. पंखा गरम हवा जोरात फिरवतो, वडीभोवतीची दमट हवा हटवतो, म्हणून काम लवकर होतं, शिवाय डबा लहान असल्यामुळे तो तापतोही पटकन, मोठ्या ओटीजीला (म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलला) नुसतं तापायलाच दहा मिनिटं लागतात. वाफवलेल्या वड्यांना ब्रशनं तेल लावून 180 वर 12 मिनिटं ठेवल्या, मध्ये एकदा उलटल्या, काय कडा कुरकुरीत झाल्या सांगू! कांदा भजी मात्र कढईतच करा, ओलं पीठ जाळीतून खाली गळतं. आणि स्टीलची वाटी यात बिनधास्त चालते, प्लास्टिक अजिबात नाही.

दुकानात लिटर सांगतात, तुम्ही बास्केटचा तळ बघा, एका थरात किती वड्या बसतील ते मोजा, एकावर एक रचल्या की मधल्या पांढऱ्याच राहतात. सहा-सात माणसांचं घर असेल, केक-नानकटाई नेहमी होत असेल तर सरळ पंखेवाला ओटीजी घ्या.

आणि हो, प्लग! 1500 वॅटचं मशीन 230 व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर घेतं, म्हणजे 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर नकोच, एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच नको. आमचा मोठा सॉकेट फ्रिजनं अडवलेला, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ओट्याजवळ 16 अँपिअरचा काढून घेतला आणि मगच फ्रायर घरी आणला.