एका राजीनाम्याची ताकद

टोकियो, डिसेंबर १९१२. जपानच्या ताब्यातल्या कोरियात ठेवायला लष्कराला दोन नव्या डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या तुकड्या, हव्यात. पंतप्रधान सायोंजी खर्चाला नकार देतात. लष्करमंत्री उएहारा राजीनामा देतात, लष्कर त्यांच्या जागी दुसरं नाव देत नाही आणि सरकार पडतं.

यामागे १९०० सालचा एक नियम होता. लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेतलेच जनरल किंवा ॲडमिरल हवेत. सेवेतला माणूस वरिष्ठांच्या शब्दाबाहेर कसा जाणार? त्यातून १८८९ च्या राज्यघटनेनं सैन्य थेट सम्राटाच्या हाताखाली दिलेलं. १९१३ मध्ये सेवेबाहेरच्या, राखीव यादीतल्या अधिकाऱ्यांनाही मंत्रिपद खुलं झालं, पण ते कागदावरच. नेमणूक एकाचीही झाली नाही.

१९२५. लष्करमंत्री उगाकी चार डिव्हिजन मोडीत काढतात. काटकसर म्हणावी, तर वाचलेला पैसा विमानं आणि रणगाड्यांकडे वळतो. आणि रिकामे झालेले अधिकारी? त्यांची रवानगी शाळा-कॉलेजांत होते. गणित-इतिहासाच्या तासांबरोबर आता गणवेशातला अधिकारी मुलांची कवायत घेऊ लागतो. फौज घटली, बराकी मात्र वर्गापर्यंत आल्या.

१८ सप्टेंबर १९३१. ईशान्य चीनमधल्या मुकदेनजवळ, तिथल्या जपानी फौजेचे म्हणजे क्वांतुंग आर्मीचे अधिकारी जपानच्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवतात आणि चिन्यांवर आळ घेतात. नुकसान किरकोळ, रूळ जेमतेम उखडलेले. संघर्ष वाढवायचा नाही, असं टोकियोतलं सरकार ठरवतं. तीनच दिवसांनी कोरियातली जपानी फौज सम्राटाच्या आज्ञेविना सीमेवरची यालू नदी ओलांडून चीनमध्ये शिरते. मंत्रिमंडळ काय करतं? त्या फौजेचा खर्च मंजूर करतं. खरी शरणागती ही. पुढे प्रत्येक सेनाधिकाऱ्याला कळून चुकलं, आधी घुसायचं, परवानगी मागाहून येते.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तरुण अधिकाऱ्यांचं बंड फसतं. बंडाच्या म्होरक्यांना गोळ्या घातल्या जातात, पण त्याच वर्षी मे महिन्यात जुना नियम परत येतो. जानेवारी १९३७ मध्ये सम्राट सरकार बनवायला बोलावतात ते उगाकींनाच. लष्कर त्या चार डिव्हिजन विसरलेलं नाही. ते मंत्री देत नाही आणि उगाकी, स्वतः जनरल असून, हात टेकतात.

जुलै १९४०. पंतप्रधान योनाई जर्मनीशी युती करायला तयार नाहीत. लष्करमंत्री हाता राजीनामा देतात, बदली मंत्री मिळत नाही, सरकार जातं. २७ सप्टेंबरला बर्लिनमध्ये जपान, जर्मनी आणि इटली त्रिपक्षीय करारावर सह्या करतात.

१९४७ च्या राज्यघटनेत युद्धत्यागाचं कलम ९ आहेच. कलम ६६ बद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही: पंतप्रधान आणि सगळे मंत्री मुलकीच असले पाहिजेत.